रुग्ण सहाय्यकाच्या कोर्सला जाण्याआधी शरीर आणि मनाची तयारी: आठ आठवडे, सात टप्पे

दर बॅचमध्ये पहिल्या दीड महिन्यात तीन-चार जण गळतात. अभ्यास झेपला नाही म्हणून कुणी गेल्याचं मी क्वचितच पाहिलंय. कुणाच्या टाचा सुजतात, कुणाची कंबर धरते, तर कुणी पहिलंच ड्रेसिंग बघताना मटकन खाली बसतं आणि लाजेने दुसऱ्या दिवशी येतच नाही. ही मुलं हुशार असतात, मायाळू असतात, घरची गरजही असते. त्यांना आधी कुणी नीट सांगितलं असतं तर त्यातली बरीचशी टिकली असती, म्हणून हे लिहिते आहे.

जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे आपल्याकडे ज्याला पेशंट केअरचा किंवा रुग्ण सहाय्यकाचा कोर्स म्हणतात, तो डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. एएनएम-जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सना जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

तयारी करणारे बहुतेक जण क्रम उलटा लावतात. आधी गणवेश शिवतात, स्टेथोस्कोप घेतात, मग कुणीतरी सांगितलं म्हणून जिम लावतात, आणि लसीची आठवण फॉर्म भरताना होते. खरं तर ज्याला वेळ लागतो ते सगळ्यात आधी सुरू करायला हवं. शंभर पानी एक वही घ्या. पहिल्या पाच टप्प्यांच्या शेवटी एकेक खूण दिली आहे, ती जमली की वहीत तारीख टाका. ही वही पुढे उपयोगाला येणार आहे.

टप्पा १: तपासणी आणि लस (आठ आठवडे आधी)

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि कामाचं स्वरूप सांगून तपासणी करून घ्या. चार गोष्टी नक्की बघायला सांगा.

हिमोग्लोबिन: बाईचं १२ आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो पंडुरोग, म्हणजेच अ‍ॅनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये तो आढळला. 'मला उभं राहायची सवयच नाही' म्हणणाऱ्या किती तरी मुलींचं खरं दुखणं इथे असतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, जेवणात लिंबू पिळा. रक्त वाढायला आठवडे लागतात, म्हणून हे पहिलं.

डोळे: लांबचं, जवळचं आणि रंगांची ओळख, तिन्ही तपासा. रंगांची गफलत होते हे अनेकांना लघवी तपासायची रंगांची पट्टी वाचायची वेळ येईपर्यंत माहीतच नसतं.

हिपॅटायटिस बीची लस: तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आज सुरू केली तर वॉर्डात पाऊल टाकेपर्यंत दोन डोस होतात. लहानपणी घेतली असेल तर कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचा बूस्टर कधी घेतला तेही विचारा.

खोकला: दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळला असेल तर थुंकी तपासल्याशिवाय वॉर्डात जाऊ नका. तुमच्यासाठी आणि खाटेवरच्या माणसासाठीही.

नेहमीची चूक: फिटनेसच्या फॉर्मवर आजार लपवणं. फिट येणं, दमा, मधुमेह, मणक्याची गादी सरकलेली असणं, गरोदरपण, यातलं काहीही लपवू नका. प्रवेश जाईल ही भीती मला समजते. पण गरोदर आहे हे माहीत नसेल तर सिस्टर तुम्हाला पोर्टेबल एक्स-रे चालू असताना रुग्णाला धरायला उभं करतील. फिट येते हे माहीत नसेल तर सलग रात्रपाळ्या लागतील, आणि जागरणाने फिट येऊ शकते. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आवाज मोठा करणारे स्टेथोस्कोप मिळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये वाजवी सोय करून देण्याची तरतूद आहे. सोय मागायची तर अडचण सांगावीच लागते.

खूण: रिपोर्ट, लसीचं कार्ड आणि चष्म्याचा नंबर वहीत आहे.

टप्पा २: पाय आणि कंबर

वॉर्डात सहा-आठ तास पायांवर जातात, आणि ते चालण्यात कमी, एका जागी उभं राहण्यात जास्त. चालण्यापेक्षा उभं राहणं पायांना जड जातं, कारण पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त खालीच साठतं. म्हणून सरावही उभं राहण्याचाच करायचा.

पहिल्या आठवड्यात रोज सलग अर्धा तास उभ्याने काम करा: भाजी निवडा, इस्त्री करा, वाचा. दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. उभ्या-उभ्या दर पाच मिनिटांनी टाचा दहादा उचला आणि टेकवा. हीच सवय पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा डॉक्टरांच्या लांबलेल्या राउंडमध्ये वाचवते. गुडघे कधीही ताठ अडकवून ठेवू नका.

बूट आत्ताच घ्या, आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पुढून बंद, मागून घट्ट, न घसरणारे, धुता येणारे. पहिल्या दिवशी कोरे बूट घालून येणाऱ्याच्या टाचेला दुपारी फोड असतो.

आता कंबर. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून कंबरेत वाकून केर काढायची, फरशी पुसायची सवय असते. तीच सवय खाटेपाशी घात करते. उकिडवं बसणं मात्र आपल्याला चांगलं येतं, तेच कामाला आणा. दहा किलोचा पिठाचा डबा घ्या. पाय खांद्याएवढे फाकवा, एक पाऊल जरा पुढे, गुडघ्यात वाका, डबा पोटाशी घ्या, पायांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पावलं वळवा. कंबर पिळायची नाही.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: माणूस म्हणजे पिठाचा डबा नव्हे. तो घाबरतो, निसटतो, ऐन वेळी तुमच्या गळ्याला मिठी मारतो. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-सुरक्षेची संशोधन संस्था एका माणसाने हाताने पेलायच्या रुग्णाच्या भाराची मर्यादा सुमारे १६ किलो सांगते. याचा सरळ अर्थ असा की मोठ्या माणसाला एकट्याने उचलायचंच नसतं. दोघं-तिघं मिळून ड्रॉशीटवरून, म्हणजे रुग्णाच्या अंगाखाली घातलेल्या आडव्या चादरीवरून, सरकवायचं असतं.

घरी सराव असा करा. भावाला किंवा आईला गादीवर झोपवा, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी चादर खाली घाला. दोन बाजूंना दोघं उभे राहा, चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरा. 'एक, दोन, तीन' कोण म्हणणार आणि ओढायचं 'तीन'वर की 'तीन'नंतर, हे आधी ठरवा. हसू नका. एका बाजूने 'तीन'ला ओढलं आणि दुसऱ्याने नंतर, म्हणून आजोबांचा हात खाटेच्या कठड्यात अडकलेला मी पाहिलाय.

हात लावण्याआधीची तपासणी: खाटेचा ब्रेक लागलाय का? खाट कमरेच्या उंचीला आहे का? सलाईनची नळी, लघवीची पिशवी मोकळी आहे का? 'आजोबा, आता तुम्हाला वर सरकवतोय' हे सांगितलं का?

सावध: कंबरेतून पायात कळ जाऊन मुंग्या येत असतील तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

खूण: अडीच-तीन तास उभं राहून दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत.

टप्पा ३: कान, डोळे, बोटं

स्टेथोस्कोप बहुतेक जण पहिल्यांदा उलटा लावतात. कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेने झुकलेली हवीत. 'मला काही ऐकूच येत नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं काम इथेच होतं.

घरातल्या कुणाचं तरी बीपी हाताने हवा भरायच्या यंत्रावर रोज मोजा. पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद. अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरा, नाडी गेली त्याच्यावर आणखी ३० पर्यंत न्या. मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर एवढ्याच वेगाने सोडा. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा.

नेहमीच्या चुका: ब्लाऊज किंवा शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधणं. हवा भसकन सोडणं. आणि सगळ्यांचं १२०/८० लिहिणं. हाताच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात, म्हणून १२७ असं लिहिलेलं दिसलं की मला कळतं, मोजलेलं नाही, ठोकून दिलंय. ऐकू आलं नाही तर 'सिस्टर, ऐकू नाही आलं, पुन्हा बघते' म्हणा. यात कमीपणा नाही. खोट्या आकड्यावर मात्र खऱ्या माणसाची गोळी ठरते.

नाडी अंगठ्याने पाहू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. श्वास मोजतोय हे रुग्णाला कळू देऊ नका, कळलं की श्वास बदलतो. नाडी मोजून झाल्यावर मनगट तसंच धरून ठेवा आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०.

डोळ्यांना पाहायला शिकवा. आपल्या सावळ्या रंगावर निळेपणा, फिकेपणा पटकन दिसत नाही. ओठाची आतली बाजू, जीभ, खालच्या पापणीची आतली कड, तळहात बघा. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते, तीही दिवसाच्या उजेडात.

बोटं: नखं कापलेली, नेलपॉलिश नको. अंगठी, घड्याळ, बांगड्या कामावर उतरवाव्याच लागतात, कारण त्यांच्याखाली साबण पोचत नाही. नवीन लग्न झालेल्या मुलींना हे जड जातं. सासूबाईंशी आधीच बोलून ठेवा, मंगळसूत्र गणवेशाच्या आत राहू शकतं. साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. घड्याळ लावून धुवून बघा, अंगठे आणि बोटांची टोकं राहून जातात. दिवसातून किती तरी वेळा धुतल्याने हात फुटतात, म्हणून रात्री खोबरेल तेल चोळा. ड्युटीवर तेल नको, तेलाने लॅटेक्सचे हातमोजे खराब होतात. हातमोज्यांनी खाज सुटली, पुरळ आलं तर लगेच सांगा.

खूण: एकाच माणसाचं बीपी तुम्ही आणि मोजता येणाऱ्या दुसऱ्या कुणी पाठोपाठ घेतलं तर आकडे जवळजवळ जुळतात.

टप्पा ४: रक्त आणि वास

रक्त बघून चक्कर येणं हा भित्रेपणा नाही. काहींच्या शरीरात रक्त, जखम पाहताच नाडी आणि बीपी एकदम उतरतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली जातो. धीर धरून हे थांबत नाही. स्नायू आवळून थांबतं.

पद्धत अशी. बसून हात, पाय, पोट यांचे स्नायू एकदम घट्ट आवळा. दहा-पंधरा सेकंदांत चेहरा गरम वाटू लागेल. मग सोडा, पण पूर्ण ढिले पडू नका. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा, आठवडाभर. त्यानंतर पायरी-पायरीने पुढे: जखमेचा फोटो, ड्रेसिंगचा व्हिडिओ, मग लॅबमध्ये घरच्या कुणाचं रक्त काढताना शेजारी उभं राहणं. प्रत्येक पायरीवर आवळत राहा. एक पायरी सोपी वाटेपर्यंत पुढची नको.

माझ्याकडे एक मुलगी होती. मधुमेहाच्या पायाचं ड्रेसिंग चालू होतं. तिचा ओठ पांढरा पडला, कपाळावर घाम आला, ट्रॉलीचा दांडा तिने इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पिवळी दिसत होती. विचारलं तर म्हणाली, 'काही नाही मॅडम.' पुढच्या क्षणी ट्रॉलीसकट खाली. सकाळपासून तिने फक्त चहा घेतला होता. तिला सावरून, हे आवळणं शिकवून परत उभं केलं, आज ती डायलिसिसला काम करते.

सावध: उपाशी वॉर्डात जाऊ नका, उपवासाच्या दिवशीही काहीतरी खा. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात सूं सूं झालं की लगेच खाली बसा आणि सांगा. पडून डोकं फुटण्यापेक्षा बसलेलं बरं. रक्ताशिवाय, चालता-धावताना किंवा छातीत धडधडून चक्कर येत असेल तर हा सराव करू नका. डॉक्टरांना दाखवा.

वासाला उपाय सवयीचा. तोंडाने श्वास घ्या, मास्क लावा, काम आटोपशीर करा. मास्कवर अत्तर शिंपडू नका, मळमळणाऱ्या रुग्णाला ते सहन होत नाही. घरात बाळ किंवा अंथरुणावर असलेले आजी-आजोबा असतील तर त्यांची स्वच्छता आठवडाभर तुम्ही करा. त्या वेळी चेहरा कसा होतो हे कुणाला तरी बघायला सांगा. बेडपॅन देताना नाक मुरडलेलं त्या माणसाला दिसतं. मग तो पाणी पिणं कमी करतो, म्हणजे पुन्हा मागावं लागू नये. त्याने लघवीचा संसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतं.

खूण: रक्त काढताना शेवटपर्यंत उभे राहिलात, आणि दुसऱ्याचं मलमूत्र साफ करताना गप्पा मारू शकलात.

टप्पा ५: लक्ष, आठवण, हिशेब

घरातला स्टीलचा ग्लास, चहाचा कप आणि वाटी मापाच्या भांड्याने मोजा आणि आकडा वहीत लिहा. मग दिवसभर घरातल्या एकाने काय प्यायलं ते मिलिलिटरमध्ये मांडा: चहा १००, पाणी २००, वरण १५०. हाच वॉर्डातल्या इनटेक-आउटपुट चार्टचा, म्हणजे पोटात किती पातळ गेलं आणि किती बाहेर पडलं या नोंदीचा, पहिला भाग. किडनीच्या, हृदयाच्या रुग्णात दोनशे मिलीची चूकही महागात पडू शकते. वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहा: दुपारचे सव्वादोन म्हणजे १४:१५.

आठवणीचा सराव: मिक्सर चालू असताना, टीव्ही लागलेला असताना घरच्यांनी एका दमात तीन कामं सांगावीत. तुम्ही ती परत म्हणून दाखवायची, लिहायची आणि करायची. परत म्हणणं हीच खरी सवय. 'हो सिस्टर' एवढ्यावर निघालात की खाट सातची की सतराची हा घोळ होतो.

रुग्णाला 'तुम्ही पाटील ना?' असं विचारू नका, अर्धवट झोपेतला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगता का?' असं विचारा, मग मनगटावरची पट्टी बघा.

कचऱ्याचे रंग आत्ताच पाठ करा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे रक्ताचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनचे सेट, कॅथेटर (लघवीची नळी), हातमोजे लालमध्ये, सुया आणि ब्लेड पांढऱ्या कडक डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात.

हे का, ते अनुभवाने सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी कापसाच्या ट्रेमध्ये टाकलेली वापरलेली सुई माझ्या बोटात घुसली. ओरडा बसेल म्हणून संध्याकाळपर्यंत मी कुणाला बोलले नाही. पुढचे तीन महिने कसे गेले ते मलाच माहीत. तुम्ही असं करू नका. सुई लागली तर जागा दाबून रक्त काढू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच मिनिटाला सांगा. एचआयव्ही रोखणारी औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग होत नाही.

खूण: गोंगाटात सांगितलेली तीनही कामं पाच दिवस सलग चुकवली नाहीत.

टप्पा ६: बोलणं आणि मनाचा तोल

आधी अंगाला हात लावायचा नाही, आधी बोलायचं. 'आजी, मी तुमचं अंग पुसायला आले आहे, पडदा ओढते, चालेल ना?' सगळ्यांना सरसकट मावशी-काका म्हणण्याआधी काय म्हटलेलं आवडेल ते विचारा. रिपोर्टबद्दल नातेवाइकांनी विचारलं तर अंदाजही सांगू नका. 'डॉक्टर राउंडला येतील तेव्हा मी तुम्हाला बोलावते' म्हणा आणि खरंच बोलवा.

ओरडणाऱ्या नातेवाइकासमोर एक पाऊल मागे, आवाज खाली, हात मोकळे. घरी कुणाला तरी चिडून बोलायला सांगा आणि मधे न तोडता ऐकायचा सराव करा. वाटतं त्याहून अवघड आहे.

आणखी एक वाक्य तोंडपाठ करा, कारण कामाच्या गर्दीत कधीतरी कुणी म्हणेलच, 'तुला येतं ना, लाव इंजेक्शन.' उत्तर: 'सिस्टर, मला त्याची परवानगी नाही. मी सामान मांडून देते, तुम्ही द्या.' नम्रपणे, पण तिथल्या तिथे.

पहिला मृत्यू बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांत बघावा लागतो. रडू आलं तर येऊ दे, बाजूला जाऊन. दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलायचं हे आधीच ठरवा आणि नाव वहीत लिहा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर शक्य असल्यास एक बॅच थांबा. झोप उडाली, जेवण जात नाही, तेच दृश्य सारखं दिसतंय असं दोन आठवडे चाललं तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

टप्पा ७: पाळ्यांची सवय (शेवटचा आठवडा)

सकाळपाळीच्या वेळेप्रमाणे झोपा-उठा. रात्रपाळीआधी दुपारी दीड-दोन तास झोप, मध्यरात्री हलकं खाणं, पहाटे तीननंतर चहा नको. सकाळी डोळ्यांवर झापड असताना स्कूटर चालवू नका, बसने किंवा रिक्षाने घरी या. घरच्यांना सांगून ठेवा की रात्रपाळीनंतरची सकाळ ही तुमची रात्र आहे, त्या वेळी डबे आणि पाहुणे तुमच्यावर नकोत.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचा, पोटभर नाश्ता करून. वही बरोबर असू द्या. त्यातल्या कोणत्या खुणेपुढे अजून तारीख पडली नाही ते वॉर्डाच्या सिस्टर इन-चार्जना राउंड सुरू होण्याआधीच दाखवा, म्हणजे त्या त्या कामाला पहिले काही दिवस तुमच्याबरोबर कुणाला तरी उभं करतील.